२६ डिसेंबर : त्सुनामीत गेलेल्यांची आठवण कशी ठेवायची?

सागरगोटा (धागाकर्ता)

मंडळी, थोडं लांबलचक आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

२००४ ची त्सुनामी झाली तेव्हा मी नुकताच सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागलो होतो. जानेवारीत ओळखीतल्या एका संस्थेने विचारलं की नागपट्टिणमला तात्पुरत्या शेड उभारायला माणसं हवीत, येतोस का. गेलो. अक्करैपेट्टै आणि कीचनकुप्पम या मच्छीमारांच्या वस्त्यांजवळ आमचं काम होतं. मोठमोठ्या बोटी पुलाजवळ एकमेकींवर चढलेल्या, घरांच्या जागी नुसते चौथरे. तमिळ येत नव्हतं त्यामुळे खाणाखुणांवर सगळं चालायचं. एक आजी रोज कामावर येऊन बसायची आणि बोटांवर मोजत नावं म्हणायची. मला वाटलं मजूर मोजतेय. नंतर आमच्याबरोबरच्या पोराने सांगितलं की ती तिच्या घरातली गेलेली माणसं आहेत, एक जरी नाव राहिलं तरी ती पहिल्यापासून सुरू करते. तेव्हा ऐकून ऐकून मलाही ती नावं पाठ झाली होती. आता त्यातली दोनच आठवतात आणि याचा मला फार त्रास होतो.

भारतात दहा हजारांवर मृत आणि साडेपाच हजारांवर बेपत्ता असा सरकारी आकडा आहे, चौदा देश मिळून सव्वादोन लाखांच्या वर. आपल्याकडे २६ तारखेला पेपरात एक फोटो येतो, ग्रुपवर मेणबत्तीचं चित्र फिरतं, झालं.

तर प्रश्न दोन. एक, इतक्या वर्षांनी ही आठवण कशी ठेवायची आणि कोणी? दुसरा, यंदा २६ ला नागपट्टिणमला जावंसं वाटतंय. पण तो त्यांचा दिवस आहे, आपण परक्याने तिथे जाऊन उभं राहणं बरोबर दिसतं का?

कोकणी_माणूस

वाचतोय. आजीचं वाचून पुढे जाववेना.

मीनल_चेन्नई

जा. मी लग्नानंतर चेन्नईतच आहे म्हणून सांगते. त्या दिवशी बऱ्याच मच्छीमार वस्त्यांमध्ये बोटी समुद्रात जात नाहीत. सकाळी सगळे किनाऱ्यावर जमतात, समुद्रात दूध ओततात, फुलं सोडतात, मेणबत्त्या लावतात. बायका मोठ्याने रडतात, अगदी काल घडल्यासारखं. इथे पट्टिनपाक्कमला मी कामवाल्या अक्कांबरोबर गेले होते, त्यांची बहीण गेली होती त्यात. मला कोणी तू कोण असं विचारलं नाही, उलट हातात फुलं दिली.

फक्त दोन गोष्टी. मोबाईल खिशात ठेव, त्या दिवशी कॅमेरेवाल्यांना लोक फार वैतागलेले असतात. आणि भाषण वगैरे असेल तिकडे न जाता वस्तीतल्या लोकांबरोबर उभा राहा.

तर्कट

वेगळं मत मांडतो, राग नसावा. फुलं, दूध, मेणबत्त्या यातून पुढच्या वेळी एकही जीव वाचणार नाही. भूकंप झाला सकाळी साडेसहाला, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली पावणेनऊ-नऊच्या सुमारास. दोन तासांच्या वर वेळ होता हो! दोन तासांत नागपट्टिणमची सगळी किनारपट्टी चालत चालत रिकामी झाली असती. माणसं लाटेने मेली असं आपण म्हणतो, ती निरोप न पोहोचल्याने मेली. ज्याला खरंच आठवण ठेवायची आहे त्याने दरवर्षी २६ ला मॉक ड्रिल घ्यावं. बाकी सगळं आपल्या मनाच्या समाधानासाठी.

भूगोलमास्तर

तर्कट, वेळेचं गणित बरोबर आहे, पण निरोप का पोहोचला नाही तेही लिहायला हवं.

भूकंप भारतीय वेळेप्रमाणे ६ वाजून २८ मिनिटांनी, उत्तर सुमात्राजवळ, तीव्रता ९.१. भारतीय प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) तिथे बर्मा प्लेटच्या खाली सरकते. त्या दिवशी या दोन प्लेटमधली भेग सुमात्रापासून अंदमानपर्यंत, म्हणजे साधारण १,३०० किलोमीटर लांबीत उलगडत गेली. समुद्राचा तळ काही मीटर वर उचलला गेला आणि त्याच्यावरचं सगळं पाणी ढकललं गेलं. खोल समुद्रात ही लाट ताशी सातशे-आठशे किलोमीटरने जाते, पण तिची उंची तिथे एक मीटरसुद्धा नसते. म्हणून बाहेर खोल पाण्यात मासेमारीला गेलेल्या कितीतरी जणांना खालून काय गेलं ते कळलंच नाही, परत आले तर गाव नाही. किनारा उथळ होत जातो तशी लाट मंदावते आणि उंच होते.

प्रशांत महासागरासाठी हवाईत इशारा केंद्र होतं. त्यांना भूकंप कळला होता. हिंदी महासागरासाठी अशी यंत्रणाच नव्हती, कोणत्या देशात कोणाला फोन करायचा हेही ठरलेलं नव्हतं. सोमालियात लाट सुमारे सात तासांनी पोहोचली आणि तिथेही शेकडो माणसं गेली. सात तासांनी!

त्यानंतर हैदराबादला इन्कॉइस या संस्थेत आपलं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. आज हिंदी महासागरातल्या देशांना इशारे देण्याचं काम भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया मिळून करतात. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला तेव्हा इशारे वेळेत गेले. त्या वेळी तळ मुख्यतः आडवा सरकला, उचलला गेला नाही, म्हणून मोठी लाट आली नाही.

पिंट्या_दि_ग्रेट

मास्तर, तास संपल्याची घंटा कधी? आम्ही मागच्या बाकावर आहोत पण ऐकतोय बरं का :)

भूगोलमास्तर

पिंट्या, अजून पाच मिनिटं बस, घंटा मीच देतो.

वायुपत्नी

मी इथे फारशी लिहीत नाही. आज लिहिते.

माझे मिस्टर हवाई दलात होते, कार निकोबारला पोस्टिंग होतं. २००४ च्या मध्यावर आमची बदली झाली. आमच्या क्वार्टरमध्ये जे कुटुंब राहायला आलं त्यांना मी स्वतः घर दाखवलं होतं, गॅसची शेगडी कुठे ठेवली की वारा लागत नाही, मागच्या दाराची कडी कशी अडकते. समुद्र इतका जवळ की रात्री लाटांच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. त्या ताई म्हणाल्या होत्या, मुलांना मजा येईल.

ते सगळे गेले. त्या एका सकाळी हवाई दलाची जवान आणि कुटुंबं धरून शंभराच्या वर माणसं गेली त्या बेटावर. रविवार होता, लोक घरात होते. निकोबारी वस्त्यांचं तर विचारूच नका, त्यांची गावंच किनाऱ्यावर होती. जी माणसं वाचली ती धावपट्टीवर आणि नारळाच्या बागांमध्ये जाऊन बसली होती, तिथून विमानांनी पोर्ट ब्लेअरला आणलं.

सागरगोटा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की मला कुठल्याच कार्यक्रमाला जायचं नसतं. २६ ला मी फोन बंद ठेवते. माझं कोणी गेलं नाही, तरी मी तिथे राहिलेली आहे. लोकांनी आठवण ठेवावी, पण दरवर्षी टीव्हीवर त्या लाटेचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवतात ते बंद करावं असं मला मनापासून वाटतं. त्या व्हिडिओत कोणाचं तरी माणूस असतं.

कोकणी_माणूस

ताई, नमस्कार करतो तुम्हाला.

तर्कट

वायुपत्नी ताई, माझा रोख तुमच्यासारख्यांच्या दुःखावर अजिबात नव्हता. सरकारी कार्यक्रम उरकून मोकळं होण्याबद्दल बोलत होतो. व्हिडिओबद्दल पूर्ण सहमत.

जहाजी

तर्कटराव, तुम्ही आठवण आणि ड्रिल अशी दोन टोकं केलीत, तसं नसतं. उदाहरण देतो. मी मर्चंट नेव्हीत, इंडोनेशियात बरंच जाणं व्हायचं. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेलुए नावाचं बेट आहे, भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने भयंकर माणसं मारली. त्यानंतर तिथल्या आज्यांनी ती गोष्ट गाण्यांत आणि अंगाईत घातली, की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की सामान सोडा, डोंगरावर पळा. ते या प्रकाराला 'स्मोंग' म्हणतात. २००४ ला तिथे लाट दहा मिनिटांच्या आसपास आली असेल, सायरन नाही, फोन नाही. बेटाची वस्ती ७८,००० च्या घरात. गेले किती? सात.

आणि तिथून पुढे मुख्य भूमीवर आचे प्रांतात लाखाच्या वर माणसं गेली, कारण तिथे ती गोष्ट कोणी सांगत नव्हतं. आता बोला, ते गाणं म्हणजे आठवण की ड्रिल?

बांदा आचेला २००९ पासून त्सुनामी म्युझियम आहे. आत शिरताना अरुंद अंधारी वाट, दोन्ही बाजूंनी उंच भिंती आणि त्यावरून पाणी ओघळतं, त्याचा आवाज. पुढे एक विहिरीसारखी गोल उंच खोली आहे, भिंतीभर गेलेल्यांची नावं, वर छताला उजेड. मी तिथे उभा होतो तेव्हा एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन नाव शोधत होता. आणि ही इमारत अशी बांधलीय की पुन्हा लाट आली तर लोकांनी छतावर चढायचं. शहराच्या मध्ये २,६०० टनांचं एक वीजनिर्मिती करणारं जहाज आहे, लाटेने दोन-तीन किलोमीटर आत आणून टाकलेलं, ते तसंच ठेवलंय. आजूबाजूला घरं, पोरं खेळत असतात.

मीनल_चेन्नई

जहाजी, अंगावर काटा आला. आपल्याकडे पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू गावातही असंच काहीसं झालं. तिथे स्वामिनाथन फाउंडेशनने गावकऱ्यांसाठी माहिती केंद्र चालवलं होतं, लाऊडस्पीकर लावलेला, रोज लाटांचा अंदाज आणि मासळीचे भाव सांगायला. गावचा एक माणूस तेव्हा सिंगापूरला होता, त्याने तिथल्या टीव्हीवर बातमी पाहून घरी फोन केला. गावकऱ्यांनी केंद्राचं कुलूप तोडून त्याच भोंग्यावरून ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. तर्कट म्हणतात तो निरोप एका गावात तरी पोहोचला.

शर्वरी_म

कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. बायका आणि मुलं जास्त गेली. कडलूर जिल्ह्यात ३९१ बायका आणि १४६ पुरुष अशी नोंद आहे. कारण सकाळी पुरुष बोटीत बाहेर आणि बायका किनाऱ्यावर मासळी घ्यायला थांबलेल्या किंवा घरात पोरांजवळ. एक पोर कडेवर, एक हाताला धरलेलं, वर साडी, पळणार कसं? कित्येकींना पोहता येत नव्हतं. मासेमारीच्या गावात जन्म गेला आणि पोहायला कोणी शिकवलं नाही, कारण बाई बोटीवर जात नाही.

आठवण ठेवायची तर हे आधी लक्षात ठेवा. ड्रिल घेतलं तर ते दुपारी बाप्ये चौकात असताना नको, सकाळी बाया किनाऱ्यावर असतात तेव्हा घ्या.

तर्कट

शर्वरी, +१. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

पिंट्या_दि_ग्रेट

एक शंका. प्राण्यांना आधी कळतं म्हणतात, श्रीलंकेत 'याला' नावाच्या अभयारण्यात प्राणी मेलेच नाहीत वगैरे. खरं का?

भूगोलमास्तर

तिथे मेलेले प्राणी फारसे सापडले नाहीत एवढं खरं. त्यांना भूकंपाची कंपनं जाणवली, पाण्याचा आवाज आला की आणखी काही, यावर एकमत नाही. त्याच्या भरवशावर बसू नये. जमीन जोरात किंवा खूप वेळ हलली की आपणच निघायचं, कुत्र्याकडे बघत थांबायचं नाही. हे मात्र पक्कं लक्षात ठेव की पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही. पाणी ओसरलं म्हणून सामान बघायला परत गेलेली माणसं दुसऱ्या लाटेत गेली. श्रीलंकेत पेरलिया इथे हेच झालं. पहिल्या पाण्यात रेल्वे थांबली, लोक जीव वाचवायला डब्यात आणि डब्यामागे गोळा झाले, मग मोठी लाट आली. त्या एका गाडीत १,७०० च्या आसपास माणसं गेली, जगातला सगळ्यात भीषण रेल्वे अपघात मानतात तो. श्रीलंकेत २६ डिसेंबरला सकाळी ९:२५ ला दोन मिनिटं सगळं थांबतं.

सेंदाईकर

जपानात बरीच वर्षं काढली म्हणून थोडं. तिथे ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर मोठा वाद झाला की पडक्या इमारती ठेवायच्या की पाडायच्या. इशिनोमाकीला ओकावा नावाची प्राथमिक शाळा आहे, तिथली ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेच्या मागेच टेकडी होती, पण मुलं बराच वेळ पटांगणातच थांबवून ठेवली होती. काही पालक म्हणायचे ही इमारत डोळ्यांसमोर नको, आम्हाला रोज या रस्त्याने जावं लागतं. शाळेतून वाचलेल्या काही मुलांनी उभं राहून सांगितलं की ठेवा. शेवटी ठेवली. मी गेलो होतो, टेकडी इतकी जवळ आहे की बघून संताप येतो.

आणि आनेयोशी म्हणून गाव आहे, तिथे १९३३ च्या त्सुनामीनंतर दगड लावला, याच्या खाली घरं बांधू नका. लोकांनी ऐकलं. २०११ ला पाणी दगडाच्या खालीच थांबलं.

वायुपत्नी

सेंदाईकर, त्या पालकांचं मला पटतं. पण मुलांनी मागितलं असेल तर ठेवायलाच हवं.

रानवाटा

निकोबारचा विषय निघालाय तर वर्तमानावरही बोलू. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंट, तिथली जमीन २००४ ला सव्वाचार मीटरच्या आसपास खचली, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. त्या बेटावरच्या निकोबारी लोकांना उचलून कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतीत आणलं, तात्पुरतं म्हणून. ते आजही तिथेच आहेत. ते म्हणतायत आम्हाला आमच्या जुन्या गावांत जाऊ द्या, आमचे पूर्वज तिथे आहेत. आता तिथे मोठं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर असा प्रकल्प येतोय. त्यांच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतलं. गेलेल्यांसाठी मेणबत्ती लावायची आणि वाचलेल्यांना घरी जाऊ द्यायचं नाही, हे मला झेपत नाही.

फौजी_आबा

रानवाटा, त्या जागेचं महत्त्व नकाशा उघडून बघा. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या, म्हणजे जहाजांच्या मोठ्या वाटेच्या, तोंडाशी आहे ते. देशाला तिथे बंदर लागणार, आज नाही तर उद्या. आणि जी जमीन एका सकाळी चार मीटर खाली गेली तिथेच पुन्हा गावं वसवा म्हणणं हे तरी त्या लोकांच्या हिताचं आहे का?

रानवाटा

आबा, मग त्याच खचलेल्या किनाऱ्यावर हजारो कोटींचं बंदर आणि लाखो माणसांचं शहर कसं हिताचं? जमीन दोघांसाठी तीच आहे ना. शिवाय ते लोक म्हणतायत आम्ही थोडं आत, उंचावर राहू, पण आमच्या जमिनीवर.

फौजी_आबा

थोडं आत राहण्याबद्दल माझी ना नाही. बंदर नको हे मला मान्य नाही.

संपादक

विषय महत्त्वाचा आहे, पण प्रकल्पासाठी वेगळा धागा काढा ही विनंती. इथे स्मरणाबद्दल चालू द्या.

सागरगोटा

सगळ्यांचे आभार, दोन रात्री प्रतिसाद वाचतोय. संपादक, रानवाटांचा मुद्दा मला धाग्याबाहेरचा वाटत नाही, कारण आमच्या शेडसुद्धा 'तात्पुरत्या' होत्या. डांबरी पत्र्याच्या, दुपारी आत बसवायचं नाही. पक्की घरं मिळाली तेव्हा ती समुद्रापासून लांब, आणि मच्छीमाराला बोट डोळ्यांसमोर लागते, जाळी कुठे वाळवणार.

मी जातोय. मीनलताई म्हणाल्या तसं, फोटो नाही. तिथल्या मुलांचं काय झालं हे कोणाला माहीत आहे का? बरीच अनाथ झाली होती.

मीनल_चेन्नई

हो. नागपट्टिणमला अन्नै सत्या नावाचं सरकारी बालगृह सुरू झालं तेव्हा. जे. राधाकृष्णन म्हणून जिल्हाधिकारी होते, ते आणि त्यांची पत्नी या मुलांकडे सतत जायचे, बदली झाल्यावरही संबंध तोडला नाही. तिथे वाढलेल्या मुलींच्या लग्नांना ते घरच्या माणसासारखे उभे राहिले, इथल्या पेपरांत आलं होतं. आता त्या मुलींना मुलं झालीत.

आणि २५-२६ ला जवळच्या वेलांकण्णीला राहायला जागा शोधू नकोस, तिथे मोठं चर्च आहे, नाताळची प्रचंड गर्दी असते. नागपट्टिणमलाच उतर.

कोकणी_माणूस

मास्तर, आमच्या बाजूला असं कधी झालंय का? लोक म्हणतात अरबी समुद्रात होत नाही.

भूगोलमास्तर

झालंय. २८ नोव्हेंबर १९४५, मकरानच्या किनाऱ्याजवळ आठच्या वर तीव्रतेचा भूकंप. आजच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यावर मोठी हानी, कच्छलाही तडाखा, आणि मुंबईतही माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे होत नाही असं नाही, क्वचित होतं, आणि क्वचित असल्यामुळेच कोणाला माहीत नसतं. ओडिशात व्यंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोने 'त्सुनामी रेडी' म्हणून मान्यता दिली. कुठल्या वाटेने पळायचं, कुठे जमायचं, म्हाताऱ्यांना कोण आणणार, सगळं ठरलेलं. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांनीही करायला काय हरकत आहे.

कोकणी_माणूस

मग आमच्या गावच्या शाळेत याल का बोलायला? हेडबाई ओळखीच्या आहेत. राहायची सोय माझ्याकडे.

भूगोलमास्तर

येतो. जानेवारीत सुट्टीचा दिवस धरून कळवा. नुसती मुलं नकोत, जेटीवर मासळी घ्यायला येणाऱ्या बायकांनाही निरोप द्या आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. शर्वरी, तू बोलशील का त्यांच्याशी?

शर्वरी_म

बोलेन की. पुण्याहून कसं यायचं तेवढं सांगा.

तर्कट

पुण्याहून माझी गाडी आहे, अजून दोघं बसतील. पिंट्या येणार असेल तर एक.